हिवाळ्याचे पांढरे पाहुणे

लाँचमागे उडणारे शुभ्र पक्षी दिसले की आपला हात आपोआप शेवेच्या पुडीकडे जातो. पण हे पक्षी येतात कुठून, खातात काय आणि त्यांना मनापासून पाहायचे असेल तर आपण काय करायला हवे?

झाशीच्या बडा बाजारात राहणाऱ्या बाईने समुद्रपक्ष्यांवर लिहावे, याचे कोणालाही हसूच येईल. आमच्यापासून मुंबईचा समुद्र रेल्वेने हजार किलोमीटरहून अधिक दूर. मुरली मनोहराच्या देवळातली घंटा, भांड्यांच्या दुकानांतला खणखणाट आणि नमकीनवाल्याच्या कढईचा खमंग वास, एवढ्यात आमची सकाळ होते. मराठ्यांच्या राजवटीत जी कुटुंबे इकडे येऊन स्थायिक झाली, त्यांतलेच आमचे एक. घरात मराठी टिकून आहे, पण ‘भरती’ आणि ‘ओहोटी’ हे शब्द आम्हाला पुस्तकातूनच माहीत.

एका डिसेंबरात मुलांना घेऊन अलिबागला मामांकडे जायचे ठरले. रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून बडा बाजारातून ताज्या शेवेच्या दोन पुड्या घेतल्या. एक गाडीत खायला, दुसरी मामांसाठी. मुंबईला उतरून गेटवे ऑफ इंडियाला आलो आणि मांडव्याच्या लाँचमध्ये बसलो. धक्का मागे पडला न पडला तोच दहा-वीस पांढरे पक्षी लाँचच्या मागे लागले. पंख न हलवता ते वाऱ्यावर तरंगत होते. कोणीतरी वेफर्सचा तुकडा भिरकावला. एका पक्ष्याने तो हवेतच झेलला. झाले! सगळ्या लाँचमध्ये एकच गलका उडाला. मुलांनी माझ्याकडे पाहिले, मी पिशवीकडे पाहिले आणि मामांची पुडी फोडली.

मांडवा येईपर्यंत पुडी रिकामी झाली होती. धाकट्याच्या बोटांतून एका पक्ष्याने शेव उचलून नेली होती. त्याचा आनंद गगनात मावत नव्हता. न्यायला आलेल्या मामांना त्याने पहिली हीच बातमी दिली.

मामा निवृत्त शिक्षक. रागावणे त्यांच्या स्वभावात नाही. त्यांनी शांतपणे विचारले, “जेवायला घातलंस हे चांगलंच. पण कोण होते ते? नाव-गाव विचारलंस का?”

धाकटा गप्प. मीही गप्प. कारण तासभर आम्ही त्या पक्ष्यांना खायला घातले होते, पण त्यांच्याकडे पाहिले मात्र नव्हते. चोचीचा रंग कोणता, पाय कसे, सगळे एकाच जातीचे होते की नाही, यातले काहीच सांगता येईना.

“उद्या पहाटे माझ्याबरोबर चल,” मामा म्हणाले. “शेव घरी ठेव. दुर्बीण मी देतो.”

अक्षीच्या पुळणीवर

अलिबागच्या दक्षिणेला अक्षीचा किनारा आहे. एका अंगाला सुरूचे बन, दुसऱ्या अंगाला खाडीचे मुख आणि ओहोटीला उघडी पडणारी लांबलचक ओली पुळण. हिवाळ्यात इथे पक्षी पाहायला दूरदूरचे लोक येतात. आम्ही पोहोचलो तेव्हा सूर्य नुकताच माडांच्या वर आला होता. पाण्याच्या कडेला पांढऱ्या ठिपक्यांची एक रांग दिसत होती. मी पुढे जाऊ लागले तर मामांनी हाताने थांबवले.

“इथूनच पाहा. ते आत्ता विश्रांती घेताहेत. आपण जवळ गेलो की सगळे उडतील आणि पुन्हा बसायला दहा मिनिटं घालवतील.”

मराठीत या पक्ष्यांना ‘कुरव’ म्हणतात. इंग्रजीतला ‘गल’ तो हाच. त्याची चुलत भावंडे म्हणजे ‘सुरय’. ती अंगाने सडपातळ, त्यांचे पंख टोकदार, शेपटी बहुधा दुभंगलेली, आणि त्यांतली बरीचशी मासा दिसताच वरून पाण्यात सूर मारतात. कुरव मात्र अंगाने भरलेला, शेपटी पंख्यासारखी, आणि तो सहसा पोहत किंवा पाण्यावरून झेपावत खाणे उचलतो. एवढा एक फरक लक्षात आला तरी किनाऱ्यावरची निम्मी गर्दी ओळखीची होते. पक्ष्यांची मराठी नावे जुळवण्यासाठी मामांच्या टेबलावर मारुती चितमपल्लींचा ‘पक्षीकोश’ कायम उघडा असे.

कुरवांच्या जगभरात सुमारे पन्नास जाती आहेत. आपल्या कोकण किनाऱ्यावर हिवाळ्यात त्यांतल्या चार-पाच सहज दिसतात. अक्षीच्या त्या रांगेतले बहुतेक पक्षी साधारण कावळ्याच्या आकाराचे होते. पाठ फिकट राखाडी, पोट पांढरेशुभ्र, चोच आणि पाय लाल. डोळ्यामागे, कानाच्या जागी, एक काळसर ठिपका होता. बाळाला दृष्ट लागू नये म्हणून तीट लावावी ना, अगदी तसा.

“याचं नाव काळ्या डोक्याचा कुरव,” मामा म्हणाले.

“पण डोकं तर पांढरं आहे!” धाकटा लगेच म्हणाला.

हीच तर गंमत आहे. याचे डोके विणीच्या हंगामात गडद होते. त्या काळात तो आपल्याकडे नसतो. हिवाळ्यात डोक्याचा रंग जातो आणि मागे उरतो तो कानाजवळचा ठिपका. फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी पिसे येऊ लागतात आणि परत जायच्या आधी काही पक्ष्यांची डोकी गडद झालेली आपल्यालाही दिसतात. म्हणून जाणकार लोक मार्चमध्ये मुद्दाम एकदा किनाऱ्यावर फेरी मारतात. पाहुणे निघायच्या तयारीला लागले की नाही, हे त्यांच्या डोक्यावरून कळते.

जवळच त्याहून थोडा मोठा आणि जाडसर चोचीचा दुसरा पक्षी होता. कानाजवळ तीट त्यालाही होती. पण दुर्बिणीतून पाहिल्यावर त्याचे डोळे फिकट, पांढुरके दिसले. पहिल्याचे डोळे काळेभोर होते. हा तपकिरी डोक्याचा कुरव. उडताना त्याच्या पंखांची टोके काळी दिसतात आणि त्या काळ्या भागात आरशासारखे पांढरे ठिपके चमकतात. काळ्या डोक्याच्या कुरवाच्या पंखाची पुढची कड पांढरी पट्टी ओढल्यासारखी दिसते. पहिल्या दिवशी हे काही जमले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र धाकटा दुर्बीण न सोडता ओरडला, “आई, पांढऱ्या डोळ्यांचा!” लाँचवर शेव झेलणाऱ्या पक्ष्याच्या डोळ्यांकडे त्याने एकदाही पाहिले नव्हते.

नाव समुद्राचे, माहेर सरोवराचे

इंग्रजीतल्या ‘सी-गल’ या नावामुळे कुरव म्हणजे भर समुद्रातला पक्षी असे आपल्याला वाटते. प्रत्यक्षात बहुतेक कुरव किनारा सोडून फार आत जात नाहीत. आणि आपल्याकडे येणाऱ्या बऱ्याच कुरवांचा जन्म तर समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर झालेला असतो.

तपकिरी डोक्याचा कुरव मध्य आशियातल्या उंच पठारांवर वीण घालतो. तिबेट, पामीर आणि आपले लडाख ही त्याची माहेरे. लडाखमधले त्सो मोरिरी सरोवर सुमारे साडेचार हजार मीटर उंचीवर आहे. तिथल्या बेटांवर आणि काठच्या दलदलीत हे पक्षी घरटी करतात. हिवाळ्यात सरोवरे गोठतात, खाणे संपते आणि त्यांना खाली उतरावेच लागते. म्हणजे मांडव्याच्या लाँचमागे उडणारा जो पक्षी आपल्याला समुद्राचा वाटतो, तो खरे तर हिमालयापलीकडच्या तळ्याकाठचा रहिवासी. काळ्या डोक्याचा कुरव युरोपपासून चीनच्या ईशान्य टोकापर्यंत पसरलेल्या पट्ट्यात वीण घालतो आणि तोही गोड्या पाण्याच्या तळ्यांचा, दलदलींचा चाहता.

हे ऐकले आणि मला एकदम प्रयाग आठवले. माघात आम्ही संगमावर स्नानाला जातो. तिथे नावेभोवती पांढऱ्या पक्ष्यांचे थवे असतात. नावाडी त्यांना ‘साइबेरियन’ म्हणतात. शेवेच्या पुड्या विकणारे नावेजवळ येतात आणि यात्रेकरू पुण्य समजून ती शेव पाण्यावर उधळतात. आम्हीही वर्षानुवर्षे हेच केले होते. ते पक्षी आणि हे पक्षी एकाच घराण्यातले! गंगा, यमुना, चंबळ या नद्यांवर हिवाळ्यात कुरव उतरतात. महाराष्ट्रातही त्यांना पाहायला समुद्रच गाठावा लागतो असे नाही. पुण्यापासून सुमारे शंभर किलोमीटरवरच्या भिगवणला, उजनी धरणाच्या पाण्यावर, रोहित पक्ष्यांबरोबर कुरवही दिसतात.

समुद्रापासून दूर असलेल्या कुरवांचे सगळ्यात नवलाचे स्मारक अमेरिकेत आहे. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटीत एका उंच खांबावर दोन सोनेरी कुरव बसवले आहेत. १८४८ मध्ये तिथे नव्याने वसलेल्या लोकांच्या पिकांवर किड्यांची धाड आली, तेव्हा कुरवांचे थवे उतरले आणि त्यांनी किडे खाऊन पीक वाचवले, अशी तिथल्या लोकांची श्रद्धा आहे. १९१३ मध्ये हे स्मारक उभे राहिले. डोंगर आणि वाळवंट यांच्या मधल्या त्या राज्याचा राज्यपक्षीही कुरवच आहे.

लाल ठिपक्याची गोष्ट

अक्षीला चौथ्या दिवशी मोठे कुरव दिसले. गडद राखाडी पाठ, पिवळे पाय, जाड पिवळी चोच आणि चोचीच्या खालच्या टोकाजवळ कुंकवाएवढा लाल ठिपका. हे ह्यूग्लिनचे कुरव. यांची वीण उत्तर रशियातल्या टुंड्रा प्रदेशात होते. त्यांच्याबरोबर कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातून येणारे त्यांचे भाऊबंदही असतात, आणि त्यांना वेगळे ओळखताना मोठमोठ्या जाणकारांनाही घाम फुटतो. आपण तो नाद सुरुवातीला करू नये. याच थव्यात मळकट, तपकिरी ठिपक्यांचे पक्षी दिसले तर ती वेगळी जात समजू नका. ती त्यांचीच मुले. मोठ्या जातींच्या कुरवांना पूर्ण प्रौढ पिसारा यायला साधारण चार वर्षे लागतात. लहान जातींचे काम दोन वर्षांत होते.

तो लाल ठिपका कशासाठी असतो? हॉलंडमध्ये जन्मलेले शास्त्रज्ञ निको टिनबर्गन यांनी युरोपातल्या हेरिंग कुरवांवर याचा अभ्यास केला. अंड्यातून बाहेर आलेले पिल्लू आईबापांच्या चोचीवर टोचा मारते आणि तो टोचा बसला की आईबाप पोटातले अन्न बाहेर काढून त्याला भरवतात. टिनबर्गन यांनी पुठ्ठ्याची डोकी आणि चोची तयार केल्या. काहींवर लाल ठिपका रंगवला, काहींवर दुसऱ्या रंगाचा, काही तशाच ठेवल्या. लाल ठिपक्याच्या चोचीवर पिल्लांनी बिनठिपक्याच्या चोचीपेक्षा कितीतरी जास्त टोचे मारले. म्हणजे तो ठिपका पिल्लासाठी ‘इथे मागा’ अशी पाटीच आहे. प्राण्यांच्या वागणुकीच्या अभ्यासाबद्दल टिनबर्गन यांना १९७३ मध्ये कोनराड लोरेंझ आणि कार्ल फॉन फ्रिश यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. पुठ्ठा, रंग आणि बारीक नजर, एवढ्या सामग्रीवर सुरू झालेले ते काम होते.

या सगळ्यांत थोराड म्हणजे पल्लासचा कुरव. तो घारीहून मोठा दिसतो. पिवळ्या चोचीच्या टोकाशी काळा आणि लाल पट्टा असतो आणि उन्हाळा जवळ आला की त्याचे डोके काळेकुट्ट होते. तो दिसला की मामा आजोबांना नमस्कार करावा तशी मान लववीत. आणखी एक आहे सडपातळ चोचीचा कुरव. लांबट डोके, उतरते कपाळ आणि कानाजवळची तीट जवळजवळ नाहीच. एवढ्या पाच जणांशी ओळख झाली की हिवाळा कारणी लागला म्हणायचे.

बारीक पाहिले की आणखीही काही दिसते. समुद्राकाठी कुरव मधूनच डोके झटकतो आणि चोचीवरून थेंब उडतो. त्याच्या डोळ्यांच्या वर मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात. तो खारे पाणी पितो, जास्तीचे मीठ या ग्रंथी रक्तातून वेगळे काढतात आणि ते नाकपुड्यांवाटे ठिबकते. गोड्या पाण्याच्या सरोवरातून खाऱ्या समुद्रावर येऊन हा पक्षी सुखाने राहू शकतो, तो या सोयीमुळे.

पाहुण्याला काय वाढावे?

परतायच्या आदल्या रात्री धाकट्याने मामांना सरळच विचारले, “आजोबा, तो मीठ गाळू शकतो, तर मग शेव खाल्ली म्हणून काय बिघडलं?”

मामांनी मलाच विचारले, “अगं, घरी मधुमेहाचा पाहुणा आला आणि त्याने आवडीने लाडू मागितला, तर तू किती वाढशील?”

कुरवाचे खाणे म्हणजे मासे, कोळंबी, खेकडे, किडे, अळ्या. मेलेली मासळी आणि बंदरावरची टाकाऊ घाणही तो खातो, म्हणून त्याला किनाऱ्याचा सफाई कामगार म्हणायला हरकत नाही. पण शेव, गाठी, वेफर्स म्हणजे तेलात तळलेले पीठ, बटाटा, मीठ आणि मसाला. मीठ गाळण्याची सोय असली म्हणून तळलेले पीठ त्याचे अन्न होत नाही. त्याने पोट भरते आणि मासा शोधायची गरज उरत नाही. आपल्या दृष्टीने हा पक्षी चार महिने मौज करायला आलेला असतो. त्याच्या दृष्टीने हे परतीच्या प्रवासाच्या तयारीचे दिवस असतात. याच काळात त्याला नवी पिसे आणायची असतात आणि हिमालय ओलांडण्याइतकी चरबी अंगावर साठवायची असते.

दुसरी गोष्ट गर्दीची. खाणे एका जागी मिळू लागले की शेकडो पक्षी तिथे दाटीवाटीने जमतात आणि दाटीत रोग पसरतो. २००५ च्या मे महिन्यात चीनमधल्या छिंगहाय सरोवरावर बर्ड फ्लूने हजारो रानपक्षी मेले. त्यांत पट्ट-कादंब हंस सर्वांत जास्त होते, पण तपकिरी डोक्याचे आणि पल्लासचे कुरवही होते. ती साथ शेवेमुळे आली नव्हती, हे खरेच. पण एकत्र दाटलेल्या पक्ष्यांत रोग कसा फिरतो, हे तिथे जगाने पाहिले. म्हणून रानपक्ष्याला हातातून भरवणे त्याच्या आणि मुलांच्याही दृष्टीने शहाणपणाचे नाही. मेलेला किंवा आजारी पक्षी दिसला तर त्याला हात लावू नये, वनखात्याला कळवावे.

तिसरी गोष्ट सवयीची. इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या गावांत हेरिंग कुरव लोकांच्या हातातले बटाट्याचे काप पळवतात. तिथले लोक त्यांना गुंड म्हणतात आणि काही गावांत खायला घालणाऱ्याला दंडही होतो. गंमत म्हणजे हाच पक्षी तिथे कमी होत चालला आहे. २००९ पासून तो ब्रिटनमधल्या सर्वाधिक काळजीच्या पक्ष्यांच्या लाल यादीत आहे. माणसाने आधी लाड करायचे आणि मग अंगावर आला म्हणून काठी उगारायची, असा हा प्रकार. मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखाने बंद करण्यावरून केवढा वाद पेटला, ते आपण पाहिलेच. पक्ष्यांना दाणे घालण्यामागची भावना खोटी नसते. आमच्या बडा बाजारातल्या गच्च्यांवर आजही सकाळी मूठभर दाणे आणि वाटीभर पाणी ठेवले जाते. चिमणीला मूठभर बाजरी घालणे वेगळे आणि स्वतः शिकार करून जगणाऱ्या पक्ष्याला तळणाची चटक लावणे वेगळे, एवढाच भेद आपण करायचा आहे.

आणि पुडी? ती बहुतेक वेळा पाण्यातच जाते. आम्ही रिकामी पुडी पिशवीत ठेवली होती, पण त्या लाँचमागे पाण्यावर तरंगणाऱ्या चार-पाच पुड्या मी स्वतः पाहिल्या.

कुठे, केव्हा, कसे पाहाल?

कुरव साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येतात आणि मार्च-एप्रिलमध्ये परत जातात. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला. मुंबईकरांना ठाण्याची खाडी, शिवडी आणि वसईकडचे किनारे जवळचे. रायगड जिल्ह्यात अक्षी आणि रेवदंडा. दापोली तालुक्यात हर्णै बंदरावर मासळीचा लिलाव चालतो. होड्या लागल्या की तिथे कुरवांची झुंबड पाहावी. तिथून जवळच आंजर्ल्याची शांत पुळण आहे. दक्षिणेकडे गुहागर आहेच.

किनाऱ्यावर जायची वेळ पंचांगावरून काढता येते. ही युक्ती मामांनी शिकवली आणि कोकणात ती घरोघरी माहीत आहे. त्या दिवशीच्या तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणून तीन वाजता भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. दोन्ही पक्षांना हाच हिशेब, दिवसा आणि रात्रीही. भरतीनंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. हा अंदाज आहे, थोडे मागेपुढे होते. पाणी पूर्ण ओसरले की पक्षी लांबवर पांगतात, म्हणून भरती चढत असताना जावे. पाणी त्यांना हळूहळू आपल्या बाजूला आणून उभे करते.

आठपट मोठे दाखवणारी साधी दुर्बीण पुरते. सूर्य पाठीशी ठेवावा, म्हणजे चोचीचा आणि पायांचा रंग नीट कळतो. पांढऱ्या, चमकत्या कपड्यांऐवजी फिकट मातकट कपडे घालावेत. थव्याच्या दिशेने सरळ चालत जाऊ नये. थोडे पुढे जाऊन बसावे आणि वाट पाहावी. पक्षी माना उंचावून सगळे एका दिशेला बघू लागले की समजावे, आपण फार जवळ आलो. फोटोसाठी मुलांना थव्यात पळवणे, कुत्रे मोकळे सोडणे, पुळणीवर गाड्या फिरवणे, हे प्रकार हल्ली फार वाढले आहेत. आपल्याला तो एक सुंदर देखावा वाटतो. थव्याला मात्र प्रत्येक वेळी विश्रांती मोडून उडावे लागते.

घरातल्या मुलांना एक वही द्यावी. तारीख, जागा, भरतीची वेळ, चोच, पाय, डोळा, तीट आहे की नाही, एवढे लिहायला सांगावे. चित्र वेडेवाकडे आले तरी चालेल. ज्या मांडव्याला आपण उतरतो, तिथून किहीम जवळच. १९३० साली सलीम अली यांनी किहीमला सुगरण पक्ष्यांच्या घरट्यांवर नजर ठेवून महिनोन् महिने टिपणे काढली आणि त्यातून सुगरणीच्या संसाराची नवी माहिती पुढे आली. तिथेही मोठी प्रयोगशाळा नव्हती. रोज एकाच जागी जाऊन नीट पाहणे, एवढेच होते.

बेतवा आणि संगम

निरोप घेताना मामांनी जुनी दुर्बीण धाकट्याच्या गळ्यात अडकवली. मी म्हटले, “मामा, झाशीला कुठे आलाय समुद्र? पडून राहील.”

“नदी आहे ना?” ते म्हणाले.

नदी होती. झाशीहून ओरछा जवळच. बेतवेच्या काठावर आम्ही किती वेळा गेलो होतो, पण छत्र्यांचे फोटो आणि घाटावरची भजी यांपलीकडे पाहिले नव्हते. घरी परतल्यावर रविवारी गेलो. पाण्यातल्या खडकांवरून एक सडपातळ पक्षी गेला. राखाडी पाठ, पिवळी चोच, दुभंगलेली लांब शेपटी. धाकट्याने वही उघडली. “कुरव नाही. सुरय.” तो नदी सुरय होता. हा पाहुणा नाही. तो बारा महिने इथलाच. उन्हाळ्यात नदी आटली की वाळूच्या बेटांवर जमिनीतच अंडी घालतो. वाळूउपसा, कुत्री आणि अवेळी सोडलेले धरणाचे पाणी यांत त्याची घरटी जातात आणि जगभरच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीत आता त्याचे नाव आहे. माझे सगळे आयुष्य बेतवेजवळ गेले आणि शेजाऱ्याची ओळख मला अलिबागहून घेऊन यावी लागली.

त्या माघात संगमावर गेलो. नाव धारेला लागताच पांढरा थवा वर आला. नावाड्याने सवयीने शेवेची पुडी पुढे केली. सासूबाईंचा हात पर्सकडे गेला. मी काही बोलणार, तेवढ्यात धाकटा म्हणाला, “आजी, थांब ना. आधी ओळखू तर दे.”

त्याने दुर्बीण डोळ्यांना लावली. नावाडी पुडी हातात धरून बघत राहिला. थवा थोडा वेळ नावेबरोबर उडाला, मग खाली उतरून प्रवाहावर पसरला आणि पाण्यातून काहीबाही टिपू लागला.

“काळे डोळे किती, पांढरे डोळे किती, मोजतोय,” धाकटा म्हणाला.

सासूबाईंनी पर्स मिटली आणि म्हणाल्या, “मग मलाही दाखव बाबा. इतकी वर्षं येतेय, डोळे कोण बघतंय त्यांचे!”